लाईन सोडू नका

१२ जानेवारी

चि. दयानंद,

कागद पाहून दचकू नको. घरी सगळे धडधाकट आहेत. म्हैस व्याली, तुझी माय तिच्यातच गुंतली आहे. मला खोकला होता, तोही गेला. हे पत्र ऋतुजाच्या शाळेच्या कामासाठी आहे, दुसरं कारण नाही.

दिवाळीत तू म्हणालास, "अप्पा, मला फोन करायचा न्हाई." म्हणून करत नाही. एकदा केला होता, तर तो लागेचना. ऋतुजा म्हणाली, "पप्पांनी तुम्हाला ब्लॉक केलंय." मी म्हटलं, केलं असेल. खांबावर चढलेल्या माणसाच्या खिशात बापाचा फोन सारखा वाजायला लागला तर त्याने दुसरं काय करावं? त्या दिवशी तुझ्या हातातून पक्कड सुटली, ती खाली कुणाच्या डोक्यात पडली नाही हे नशीब. मी तक्रार करत नाही. पण पत्र वाजत नाही. खाली उतरल्यावर सावकाश वाचता येतं.

तर शाळेचं असं. इंग्रजीच्या बाईंनी सांगितलं की घरातली न शिकलेली माणसंसुद्धा आपलाच समजून बोलतात असा एक इंग्रजी शब्द घ्या, आणि तो कसकसा बोलला जातो ते लिहून आणा. पोरगी वही घेऊन माझ्यापुढे बसली. तिला शब्द सुचेना. तेवढ्यात गोठ्यातून तुझी माय ओरडली, "लाईन आली गं, मोटार लाव!"

ऋतुजा म्हणाली, "सापडला."

तुझी माय दुधाचं भांडं घेऊन आत आली. म्हणाली, "लाईन कवापासून इंग्रजी झाली? मी लग्न होऊन आले तवापासून ऐकून राहिले."

"मग माहेरी काय म्हणत होतात?" ऋतुजाने विचारलं.

"माहेरी लाईनच नव्हती."

लिहायला बसल्यावर मात्र शब्द संपेना. लाईन आली, लाईन गेली हे विजेचं. बोअरपासून शेतापर्यंत टाकलेली पाइपलाइन, तिलाही आपण लाईनच म्हणतो, आणि ती फुटली की लाईन फुटली. रेशनच्या दुकानापुढे लाईन. माहूरला देवीच्या दर्शनाला लाईन. गवंडीकामात मी जन्मभर लाईनदोरी ताणली, तिच्या बाहेर वीट गेली की मिस्त्री आईवरून बोलायचा. सायन्सची लाईन, आर्टची लाईन. फोनची लाईन लागत नाही. पोरगं लाईनीवर आलं म्हणजे सुधारलं, आणि लाईनला लागलं म्हणजे नोकरीला लागलं. तू लागलास तेव्हा मी गावभर पेढे वाटत हेच म्हणत होतो. आता तू ज्या लाईनला लागलास ती लाईन डोक्यावरून जाते, हे मला पेढे वाटताना सुचलं नव्हतं.

एक अर्थ पोरापोरींचा असतो. तो तुझ्या मायने सांगितला आणि पदर तोंडाला लावून हसली. मी तो लिहू दिला नाही. ऋतुजाने लिहिला.

तू लाईनमन आहेस. तुझ्याकडे आमच्यापेक्षा जास्त असेल. पोरीला लिहून पाठव. मला वेगळं लिहिलं नाहीस तरी चालेल.

तिकडे माहूरच्या डोंगरात वारा फार असतो का? हे शाळेसाठी नाही, सहज विचारलं.

तुझा
अप्पा


२० जानेवारी

चि. दयानंद,

ऋतुजाच्या मोबाईलवर तू पाठवलेला कागदाचा फोटो मी वाचला. अक्षर पहिल्यापेक्षा बरं आहे. जिवंत लाईन, मेलेली लाईन, लाईन बंद घेणे, लाईन सोडणे म्हणजे ती परत चालू करणे, लाईन तपासायला पायी जंगलातून चालणे, सगळं समजलं. माझ्यासाठी त्यात काही नव्हतं, ते मी शोधलंही नाही. खालच्या कोपऱ्यात 'वारा असतो, पट्टा बांधतो' असं लिहिलं आहे. ते बहुतेक ऋतुजासाठीच असेल.

'जिवंत लाईन' वाचून मात्र मला बसवेना. जिवंत आणि मेलेली दिसायला एकसारखीच असते ना? म्हणून मी आपल्या गावाबाहेरच्या सबस्टेशनला गेलो. शाळेचं निमित्त होतंच. तिथे मुनीब ऑपरेटर आहे, उदगीरच्या बांगडीवाल्यांच्या घरातला, तू ओळखतोस. त्याने चहा पाजला.

मी विचारलं, "मुनीब, माणूस वर आहे हे तुला खाली बसून कसं कळतं?"

"परमिट घेतल्याबिगर कुणी चढत न्हाई काका. वहीत सही असती."

"आणि वही बघायची राहिली तर?"

"तुम्ही लई वंगाळ विचार करता बगा." मग त्याने भिंतीकडे बोट दाखवलं. लाईन बंद करायचं हँडल आहे, त्याच्या बरोबर खाली फरशीवर एक चपलांचा जोड होता. "ही मलप्पाची. आत्ता वर हाय तो."

मग त्याने सांगितलं. लाईनमन कामाला जाताना बूट घालतो आणि पायातल्या चपला हँडलखाली काढून ठेवतो. परत येऊन स्वतःच्या चपला स्वतःच्या पायात घातल्यावरच मुनीब हँडलला हात लावतो. कंपनीचा असा काही नियम नाही. मुनीबच्या आधी जो ऑपरेटर होता त्याने ही रीत पाडली. सही दिसत नाही, चपला दिसतात, पायाला लागतात.

मला ही गोष्ट इतकी आवडली की मलप्पा परत येईपर्यंत मी तिथेच बसलो. तो आला, बूट काढले, चपला घातल्या, मला म्हणाला, "काय दगडोबा मामा, नोकरीला लागलात का हितं?" मुनीबने खालची मोकळी फरशी पाहिली, हँडल वर केलं. मला छातीत मोकळं वाटलं. मलप्पा माझा कुणी लागत नाही, तरी वाटलं.

आता मी रोज थोडा वेळ जातो. मुनीबला त्रास देत नाही. चूपचाप बसतो.

ऋतुजाचं काम वाढत चाललं आहे. बाईंनी आणखी आठवडा दिला.

अप्पा


२७ जानेवारी

चि. दयानंद,

थंडी आहे. हरभरा चांगला आहे. काल संध्याकाळी आपल्या भागात बराच वेळ लाईन नव्हती. कारण किरकोळ होतं. सगळं ठीक आहे, कुणाला काही झालं नाही.

ऋतुजा किंवा उज्वला सूनबाई तुला काही सांगतील, तर पोरीबाळी वाढवून सांगतात हे लक्षात ठेव.

माझ्या पायाला महिन्यापासून सूज आहे, ती मात्र उतरलेली नाही. तशी उतरल्यासारखी वाटली होती.

अप्पा


२८ जानेवारी

चि. दयानंद,

कालचं पत्र पोस्टात टाकून आलो आणि तुझी माय म्हणाली, "कशाला लपवून राहिले? मलप्पानं समद्या लाईनमनच्या गटावर टाकलंय. माहूरपर्यंत पोचलं असंल." तर आता माझ्या तोंडून ऐक. त्याचं ऐकशील तर त्यात मी पळताना पडलो असं असेल. मी पडलो नाही.

परवा संध्याकाळी मी सबस्टेशनला बसलो होतो. मलप्पा परमिट घेऊन ओढ्याकडच्या खांबावर गेला होता. त्याच्या चपला हँडलखाली होत्या. माझ्या चपला मी एरवी दाराबाहेर काढतो, पण तिथे एक कुत्रं आहे, ते चपला उचलून उसात नेतं. म्हणून मी माझ्या आत, भिंतीला लावून ठेवल्या. मलप्पाच्या शेजारी. दोघांच्या काळ्या रबरी, देवणीच्या बाजारात दुसरं काही मिळतही नाही.

दिवस मावळला. लाईन बंद असल्यामुळे आत बॅटरीवरचा एक बारका दिवा होता. मुनीब आतल्या खोलीत फोनवर बोलत होता. मी "येतो रे" म्हटलं, पायात चपला सरकवल्या आणि निघालो. वाटेत चपला सैल लागल्या. मला वाटलं सूज उतरली. बरं वाटलं. डॉक्टरच्या गोळ्यांना मी उगीच नावं ठेवत होतो असंही मनात आलं.

घरी ओसरीवर चढलो तर तुझी माय कंदिलाच्या उजेडात पाहते आहे. "पायात कुणाच्या हायत?"

मी खाली पाहिलं. डाव्या चपलेला निळ्या वायरीचा टाका होता. मी कधी वायरीने चप्पल शिवली आहे का?

दयानंद, तिथून पुढे माझं डोकं चालेना. एवढंच कळलं की मलप्पाच्या चपला माझ्या पायात आहेत, म्हणजे हँडलखाली काही नाही, आणि मलप्पा वर आहे. मी उज्वलाला म्हटलं मुनीबला फोन लाव. तिने लावला. बिझी. पुन्हा बिझी. माझ्या तोंडून काय निघालं ते तिने ओळखलं असेल. लाईनमनची बायको आहे ती. स्कूटी काढली आणि म्हणाली, "मामा, बसा."

मी मागे बसलो. चपला हातात धरल्या होत्या. पायात घालायची छाती झाली नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूला अंधार, आणि मी त्या अंधाराकडे पाहत होतो की आता दिवे लागतील, आता लागतील. मारुतीच्या देवळाजवळ कुठेतरी उजेड दिसला. मोटारसायकल होती. जन्मभर लाईन गेली की शिव्या दिल्या आपण. त्या दिवशी मी मनात म्हणत होतो, येऊ नको बाई, येऊ नको.

सबस्टेशनच्या फाटकात शेतकऱ्यांची गर्दी. या आठवड्यात शेतीच्या विजेची संध्याकाळची पाळी आहे आपल्या फिडरला, म्हणजे आपल्या भागातल्या लाईनला, सगळे हरभऱ्याला पाणी द्यायला टपलेले. आत मुनीब हँडलला पाठ लावून उभा. घामाने निथळला होता, थंडीत. आणि त्याच्यासमोर खुर्चीवर बूट घालून चहा पीत कोण, तर मलप्पा. खाली उतरलेला. धड.

मी दारातच थांबलो.

आत बजरंग ओरडत होता, शिवेवरच्या रानातला. "अरे मलप्पा तर आलाय! तुज्या म्होरं बसून च्या प्यायलाय! सोड लाईन!"

"मलप्पा आलाय," मुनीब म्हणाला. "ह्या कुणाच्या हायत?"

त्याच्या पायाशी चपलांचा एक जोड होता. माझा.

"माज्या न्हाईत," मलप्पा म्हणाला. "मला येत न्हाईत. माज्या त्या कुत्र्यानं नेल्या."

"तेच म्हणून राहिलो. मलप्पाच्या न्हाईत म्हंजे दुसरा कुणीतरी वर हाय. ठेकेदाराचे पोरं न इचारता चढत्यात. समद्यांना फोन लावून राहिलो, कुणी हाव म्हणंना."

"मग न्हाईच कुणी! मी जिम्मेदार, सोड तू!"

"तू जिम्मेदार?" मुनीब म्हणाला. "मग त्याच्या बायकोला सांगाया तू जाशील का? घर बी ठाव न्हाई तुला त्याचं."

मागून कुणीतरी मुनीबला घाण शिवी दिली, कोणी साहेबाला फोन लावतो म्हणालं. मुनीबने ऐकलं आणि तसाच उभा राहिला. मालक माहीत नसलेल्या एका झिजलेल्या जोडासाठी तो कधीपासून तसा उभा होता कोण जाणे.

मग मी पुढे झालो. हातातल्या चपला वर धरल्या. आधी कुणाला कळेना. मग मलप्पाने निळा टाका पाहिला.

"हे बगा," बजरंग म्हणाला, "कुत्रं सोता घिऊन आलं."

अशी हसली ती गर्दी. मी आयुष्यात इतक्या लोकांना एकदम हसवलं नव्हतं. मुनीब मात्र हसला नाही. खाली फरशीवर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड पुसत राहिला. मग म्हणाला, "काका, वर कुणी न्हाई ना मग?"

मी म्हटलं, "न्हाई रे बाबा. त्या माझ्याच."

"बास. मग बास."

त्याने मलप्पाला त्याच्या चपला घालायला लावल्या, मला माझ्या. आम्ही दोघं शाळेतल्या पोरांसारखे उभे. फरशी मोकळी झाली, ती त्याने हाताने चाचपून पाहिली, मग हँडल वर केलं. बाहेर सगळ्या गावांना उजेड आला. लोक मोटारी लावायला पळाले.

मलप्पा जाताना म्हणाला, "मामा, माज्या घालून गेलात ते गेलात. तुमच्या ठिवून गेलात, ते लई उपकार."

परत येताना मी उज्वलाला म्हटलं, दयानंदला सांगू नको. ती पहिल्यांदा हसली. "मामा, मी न्हाई सांगत. तुम्हीच सांगा."

मी घाबरून गेलो होतो खरा, पण ते कालपर्यंत. आज सकाळपासून मला काय होतंय ते सांगतो. तू या कामाला लागल्यापासून मला असं वाटायचं की तू वर आहेस, आणि खाली कुणी नाही. खाली फक्त मी जागा आहे, तोही इतक्या दूर. म्हणून फोन. तुझा आवाज ऐकला की मला वाटायचं तारेला मी धरून आहे. ते खरं नव्हतं. परवा मी मुनीबला पाहिलं. जो माणूस नाहीच, त्याच्यासाठी तो गावाच्या शिव्या खात उभा होता. असला माणूस खाली असेल तर बापाने काय करायचं? घरी जाऊन भाकरी खायची.

तेव्हा मला एकच विचारायचं आहे, आणि हे शाळेसाठी नाही. तुझ्याकडे हँडलपाशी कोण असतं? त्याचं नाव कळव. बाकी काही कळवलं नाहीस तरी चालेल.

अप्पा


९ फेब्रुवारी

चि. दयानंद,

तुझा फोन येऊन गेल्यावर घरात दिवसभर कुणी धड काम केलं नाही. तू हसत होतास, म्हणून तुझी माय म्हणाली, "अजून सांगा त्याला चपलाचं, हसू दे." मी दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना थोडं वाढवलं. तुला कळलं असेल.

पण मी ऐकत होतो ते तू सांगितलेलं. तुझ्या सबस्टेशनला स्वप्नाली नावाची मुलगी आहे, नायगावची, आणि लाईनमनने समोर येऊन तोंड दाखवल्याशिवाय ती लाईन सोडत नाही. फोनवरून कितीही ओळखीचा आवाज आला तरी नाही. तू म्हणालास, "अप्पा, साहेब बी म्हणला सोड म्हणून, तरी सोडली न्हाई. मी डोंगरावरून चालत खाली येईस्तोवर त्याला बसवून ठिवलं." आणि तुम्ही सगळे तिला मागे खडूस म्हणता. म्हणत जा. तिच्या तोंडावर मात्र म्हणू नका.

ऋतुजाने शाळेत वाचून दाखवलं. तास संपला तरी संपेना, पोरं मधेच उठून आपापली लाईन सांगायला लागली, एका पोराने तर पोलीस लाईनीतल्या मामाची सगळी गोष्ट सांगितली. बाईंनी वही घरी नेली. शेरा काय मिळाला ते अजून कळलं नाही, आणि ऋतुजाला त्याची काळजीही दिसत नाही. ती तुझ्यावर गेली आहे.

ठरल्याप्रमाणे तू खाली उतरलास की मिस कॉल देतोस. काल वाजला तेव्हा मी ताटावर बसत होतो. तुझी माय म्हणाली, "उचला की!" मी म्हटलं, "कशाला? उतरलाय त्यो." वाजून वाजून थांबला. मी वरण वाढून घेतलं. परवा एकदा उशीर झाला तुझा, तेव्हा मी उठून ओसरीवर गेलो, फोन हातात घेतला, हे मी कबूल करतो. मग स्वप्नालीचं नाव आठवलं आणि फोन कोनाड्यात ठेवला. तरी दारात उभा राहिलो जरा. सवय एकदम जाणार नाही.

या पत्राबरोबर आपल्या शेजारच्या शिवगंगाचा जावई एक डबा घेऊन येईल, तो माहूरला दर्शनाला निघाला आहे. डब्यात शेंगदाण्याची चटणी, तिळाचे लाडू आणि कडक भाकरी आहेत. वर चिकटपट्टीवर नाव लिहिलं आहे, स्वप्नाली. तो डबा तुझा नाही. तू उघडायचा नाही. तुझी माय म्हणाली पोटच्या पोराला काही नाही आणि परक्या पोरीला लाडू, हा कुठला न्याय. मी म्हटलं, हाच.

तिला माझा नमस्कार सांग. तिने मला कधी पाहिलेलं नाही, तेव्हा कोण म्हणून विचारील. लाईनमनचा बाप म्हण. आणि सांग, सावकाश खा, डबा परत पाठवायची काही घाई नाही.

तुझा
अप्पा